बेटावरील विहिरी आणि उन्हाळा

वैशाख लागला म्हणजे देशावरील घरांत सकाळची पहिली नजर विहिरीकडे जाते. काल पाणी कितव्या पायरीला होतें, आज किती खालीं गेलें, पोहऱ्याचा दोर किती हात जास्त सोडावा लागला, यावरून घरची बाई मृगापर्यंतचे दिवस मोजीत असते. पायऱ्या उघड्या पडूं लागल्या कीं धुणें नदीवर जातें. तळाचा गाळ दिसूं लागला कीं तो उपसण्यासाठीं माणसें बोलावतात. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर विहीर आणखी एक-दोन परस खोल नेतात. विहिरींतील पाण्याची उंची म्हणजेच पाण्याची शिल्लक, हें या सगळ्या हिशेबांत गृहीत धरलेलें असतें, आणि देशावर तें बरोबरहि आहे.

अरबी समुद्रांतील लक्षद्वीप बेटांवर हा हिशेब चुकतो. तेथें भर उन्हाळ्यांत, पावसाचा थेंबहि नसतांना, सकाळीं पाहिलेली विहीर दुपारीं वीतभर चढलेली दिसते आणि संध्याकाळीं पुन्हां उतरते. दुसऱ्या दिवशीं तोच प्रकार, फक्त सुमारें दोन घटका उशिरानें. फेब्रुवारींतील पातळी आणि एप्रिलांतील पातळी यांत डोळ्यांना जाणवेल असा फरक क्वचितच असतो. विहीर आटत नाहीं. परंतु एखाद्या सकाळीं त्या न आटलेल्या विहिरीचें पाणी तोंडांत घेतलें कीं तें मचूळ लागतें, आणि मग पाऊस येईपर्यंत तें पिण्याच्या उपयोगाचें राहत नाहीं. देशावर विहीर कोरडी पडते. बेटावर ती भरलेली असतांनाच संपते. असें कां व्हावें, हें कळणें तेथील कुटुंबांना नुसत्या कुतूहलाचा विषय नाहीं. त्यांचें पिण्याचें पाणी त्यावर अवलंबून आहे.

लक्षद्वीपाचीं बेटें केरळच्या किनाऱ्यापासून सुमारें २०० ते ४४० किलोमीटर अंतरावर विखुरलेलीं आहेत. सगळ्यांची मिळून जमीन सुमारें ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जुन्या शहराच्या निम्म्याहूनहि थोडी कमी. वस्ती आहे ती दहा बेटांवर: कवरत्ती, अगत्ती, अमिनी, कदमत, किल्तान, चेतलत, बित्रा, आंद्रोत, कल्पेनी आणि अगदीं दक्षिणेस एकटें पडलेलें मिनिकॉय. २०११ च्या शिरगणतींत लोकसंख्या ६४,४७३ भरली. दर चौरस किलोमीटरास हें प्रमाण दोन हजारांच्या वर जातें, आणि एवढ्या लोकांना पाणी पुरवावयाचें तें कोठून, हा प्रश्न बेटाच्या घडणीकडे पाहिल्यावर आणखी बिकट वाटूं लागतो. समुद्रांत बुडालेल्या एका डोंगररांगेच्या माथ्यावर पोंवळ्याच्या जीवांनीं हजारों वर्षें रचलेल्या चुन्याच्या भिंती, आणि त्या भिंतींवर लाटांनीं आणून टाकलेली पोंवळ्याची व शिंपल्यांची रेती, एवढीच या बेटांची संपत्ति. बहुतेकांच्या पश्चिमेस भिंतीच्या आंत अडकलेला उथळ, शांत, हिरवट निळा समुद्र असतो. पूर्वेस उघडा समुद्र. जमीन समुद्रसपाटीपासून चार-पांच मीटरांहून फारशी उंच कोठेंच नाहीं. डोंगर नाहीं म्हणून ओढा नाहीं, ओढा नाहीं म्हणून नदी नाहीं, आणि नदी नाहीं म्हणून धरण बांधावयास जागाहि नाहीं.

पाऊस मात्र कमी नाहीं. वर्षाला साधारण १,५०० ते १,६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याच्या दुपटीहून अधिक. त्यांतला मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जानेवारी ते एप्रिल हा काळ जवळजवळ कोरडा जातो. पावसाचें पाणी रेतीवर पडतें आणि तेथल्या तेथें मुरतें. मुसळधार सरीनंतरहि वाहतें पाणी दिसत नाहीं, इतकी ती रेती सच्छिद्र आहे.

विहीर खणणें त्यामुळें फार सोपें. वरची रेती काढली कीं एक-दीड फूट जाडीचा, पोंवळ्याच्या चुन्यानें घट्ट जमलेला एक थर लागतो. तो फोडला कीं खालीं सुटी ओली रेती. तिच्यांतून कांहीं पाट्या काढल्या कीं पाणी जमूं लागतें. बाजूंना पोंवळ्याचाच दगड रचून कठडा केला, कोठें उतरावयास पायऱ्या ठेविल्या, कीं झाली विहीर. पांच-सहा मीटरांपेक्षां खोल विहीर सहसा नसते. देशावरचा बेलदार तिला विहीर म्हणणार नाहीं. तो तिला डबकें म्हणेल. पण बहुतेक प्रत्येक घराला अशी एक विहीर असते, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या घराची तहान तिनें भागविलेली असते.

चोहोंकडे खारा समुद्र आणि मधें गोड्या पाण्याची विहीर, या चमत्काराचें कौतुक मराठी माणसालाहि नवीन नाहीं. मालवणजवळ कुरटें बेटावर शिवाजीमहाराजांनीं उभारलेल्या सिंधुदुर्गांत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत, आणि किल्ला पाहावयास गेलेला प्रत्येक जण त्यांचें पाणी चाखून आश्चर्य करीत परत येतो. तेथील खडकाची जात वेगळी; पण प्रश्न तोच. समुद्र एवढा जवळ असतां पाणी गोडें कसें?

पुष्कळांचें उत्तर ठरलेलें असतें: रेती समुद्राचें पाणी गाळून घेते आणि मीठ मागें राहतें. हें उत्तर जितकें सहज सुचतें तितकेंच तें चुकीचें आहे. रेतीनें गढूळपणा गाळला जातो. विरघळलेलें मीठ गाळलें जात नाहीं. तसें असतें तर चौपाटीवर हातभर खड्डा खणून मुंबईची तहान भागविता आली असती. १८३६ च्या एप्रिल महिन्यांत चार्ल्स डार्विन हा 'बीगल' जहाजावरून हिंदी महासागरांतील कीलिंग बेटांवर उतरला, तेव्हां तेथील विहिरींचें पाणी भरती-ओहोटीबरोबर चढतें-उतरतें आणि तरीहि गोडें राहतें, हें त्यानें टिपून ठेविलें. रेतीच्या गाळण्याची कल्पना त्याच्याहि कानांवर होती. ती त्यानें स्वीकारली नाहीं. त्याचें स्पष्टीकरण साधें होतें. पोंवळ्याचें बेट हा एक मोठा स्पंज असून तो समुद्राच्या पाण्यानें भिजलेला आहे. त्यावर पडणारा पाऊस मुरून समुद्राच्या पातळीपर्यंत उतरतो आणि तेथें सांठतांना तेवढ्याच खाऱ्या पाण्याला बाजूला सारतो. खालचें खारें पाणी भरतीनें वर आलें कीं वरचें गोडें पाणीहि त्याच्याबरोबर उचललें जातें. जेथें रेती घट्ट आहे तेथें दोन्ही पाणी फारसें मिसळत नाहीं. जेथें पोंवळ्याचे मोठे मोठे तुकडे सैल पडलेले आहेत तेथें विहीर खारट लागते. बारा दिवसांच्या मुक्कामांत केलेलें हें निरीक्षण आजहि मूळांत खरें ठरलें आहे.

घरच्या घरीं त्याची खात्री करून घेतां येते. काचेचा एक पेला घेऊन तो निम्म्यापर्यंत मिठाच्या पाण्यानें भरावा. दुसऱ्या भांड्यांतील साध्या पाण्यांत शाईचे दोन थेंब टाकावे, आणि तें रंगीत पाणी उलट्या चमच्याच्या पाठीवरून अगदीं हळूहळू पेल्यांत सोडावें. रंगीत पाणी वर तरंगत राहतें. दोहोंमधली रेषा स्पष्ट दिसते. पेला किंचित् उचलून खालीं ठेविला तरी ती रेषा मोडत नाहीं. पण चमच्यानें एकदां ढवळलें कीं सगळा पेला एकरंगी होतो, आणि मग कितीहि वेळ ठेविला तरी पूर्ववत् होत नाहीं. बेटावरील पाण्याची सगळी कथा या पेल्यांत आहे, शेवटच्या ढवळण्यासकट.

किती गोडें पाणी तरंगतें याचा हिशेबहि मांडतां येतो. साध्या पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १ धरलें तर समुद्राच्या पाण्याचें १.०२५ असतें. म्हणजे समुद्राच्या पाण्याचा ४० हात उंचीचा स्तंभ आणि गोड्या पाण्याचा ४१ हात उंचीचा स्तंभ यांचें वजन सारखें. म्हणून गोडें पाणी समुद्राच्या सपाटीपेक्षां एक हात वर उभें असेल, तर त्याच्या खालीं चाळीस हात गोडेंच पाणी असलें पाहिजे. नाहीं तर तोल राहणार नाहीं. १८८८-८९ च्या सुमारास बादोन घायबेन या डच लष्करी अभियंत्यानें आणि १९०१ सालीं जर्मनीच्या उत्तर समुद्रांतील बेटांवर पाणीपुरवठ्याचें काम करणाऱ्या हर्झबर्गनें हा नियम स्वतंत्रपणें मांडला, आणि तो त्या दोघांच्या नांवानें ओळखला जातो. बेटाच्या कडेला गोडें पाणी समुद्रांत झिरपत असल्यामुळें तेथें त्याचा थर पातळ आणि मध्यभागीं जाड असतो. दोन्ही बाजूंनीं फुगीर अशी ही आकृति भिंगासारखी दिसते, म्हणून तिला गोड्या पाण्याचें भिंग म्हणतात. भिंगाला असलेला युरोपीय शब्द मुळांत मसुरीचा वाचक आहे. मसुरीचा दाणा आडवा ठेवून पाहिला म्हणजे बेटाखालच्या पाण्याचा आकार ध्यानांत येतो.

आतां विहिरीच्या पातळीकडे वळतां येईल. समजा, एखाद्या बेटाच्या मध्यावर जमिनींतील पाण्याची सरासरी पातळी समुद्रापेक्षां २५ सेंटिमीटर उंच आहे. नियमाप्रमाणें तिच्या खालीं १० मीटर गोडें पाणी असावें. उन्हाळ्यांत ही सरासरी पातळी पांच सेंटिमीटरांनीं उतरली, म्हणजे दोन-तीन बोटें खालीं गेली, तर खालची खारी सीमा कालांतरानें दोन मीटर वर सरकेल. वर दोन-तीन बोटांचा फरक, आणि खालीं माणसाहून उंच. तिकडे भरती-ओहोटीमुळें तीच विहीर दिवसांतून दोनदां वीतभर चढते आणि उतरते. त्या चढउतारांत दोन-तीन बोटांची घट कोणाला दिसणार? कठड्यावर खूण करून रोज ठराविक वेळीं पाहणाऱ्यालाहि ती दिसणार नाहीं, कारण भरतीची वेळ रोज पुढें सरकते. महिनाभर तासातासाला मोजमाप करून सरासरी काढली तरच ती सांपडेल. एखाद्या घराकडून अशी अपेक्षा करणें व्यर्थ आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणींतहि हेंच आढळलें आहे कीं, लक्षद्वीपांतील विहिरींची पातळी मुख्यतः भरतीवर हलते, उपशावर किंवा पावसावर नव्हे.

भरतीचा परिणाम बेटाच्या मध्यावरील विहिरीपर्यंत पोंचतो तरी कसा, हाहि एक मौजेचा प्रश्न आहे. समुद्र जवळ असलेली विहीर जास्त हलावी आणि दूरची कमी, असें वाटणें स्वाभाविक आहे. पोंवळ्याच्या बेटांवर तसें नेहमीं होत नाहीं. वरचा रेतीचा थर कांहीं मीटरांपासून वीस-पंचवीस मीटरांपर्यंत जाड असतो. त्याच्या खालीं फार जुना, पोखरलेला, जाळीदार झालेला चुनखडक असतो. त्या पोकळ्यांतून भरतीचा जोर मोकळेपणानें संबंध बेटाखालीं पसरतो आणि खालून वर दाब देतो. त्यामुळें मधल्या विहिरीहि हलतात. समुद्राची भरती पुरी झाल्यावर कांहीं वेळानें त्यांची भरती होते एवढेंच. याच खडकामुळें दुसरी एक अडचण उत्पन्न होते. भिंग त्या पोखरलेल्या थरापर्यंत पोंचलें कीं तेथील खळबळीनें गोडें आणि खारें एकत्र होतें. मग नियमानें कितीहि खोली निघो, गोडें पाणी त्याच्या खालीं टिकत नाहीं. गोडें व खारें यांच्यामधें निमखाऱ्या पाण्याचा जाड पट्टा असतो तो वेगळाच. प्रत्यक्ष पिण्याजोगें पाणी म्हणून हिशेबापेक्षां बरेंच कमी निघतें. शांत समुद्राच्या बाजूला रेती बारीक असते, तेथें भिंग जाड राहतें. उघड्या समुद्राच्या बाजूला ती भरड असते, तेथें पातळ. एकाच बेटावर एका घराची विहीर मेपर्यंत गोडी आणि दुसऱ्या घराची मार्चांतच मचूळ, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें. त्यांत कोणाचें नशीब किंवा पुण्य नाहीं.

पडलेल्या पावसापैकीं साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा एवढाच भाग भिंगापर्यंत पोंचतो. बाकीचा उन्हानें आणि झाडांनीं परत जातो. माड हा या बेटांचा पोशिंदा. पण त्याचीं मुळें थेट पाण्यापर्यंत उतरतात आणि उन्हाळाभर तो त्या सांठ्यावरच जगतो. शिवाय भिंगाच्या कडेनें गोडें पाणी रात्रंदिवस समुद्रांत झिरपत असतें. कोणी एक घागर काढली नाहीं तरी जानेवारीपासून भिंग बारीक होत जाणारच. उपसा त्या घटींत भर घालतो. आणि घट होते ती खालून. वरून पाहणाऱ्याला विहीर तशीच दिसते. तिच्या तळाखालीं मात्र खारें पाणी रोज थोडथोडें जवळ येत असतें.

तें पोंचल्याचें कळतें जिभेला. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतले १९ ग्रॅमांच्या आसपास क्लोराइड. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटराला २५० मिलिग्रॅमपर्यंत क्लोराइड असावें. दुसरा उपायच नसेल तर १,००० पर्यंत चालवून घ्यावें. याचा अर्थ असा कीं, शंभर घागरींत सव्वा घागर समुद्राचें पाणी मिसळलें कीं पहिली मर्यादा संपली, आणि पांच घागरी मिसळलें कीं दुसरीहि संपत आली. एवढ्याशा मिश्रणानें शंभर घागरी वाया जातात! पोंवळ्याच्या चुन्यामुळें तेथील पाणी मुळांतच जड असतें. डाळ लवकर शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं, चहाच्या भांड्याला पांढरें कीट बसतें. ज्यांच्या घरीं कूपनलिकेचें जड पाणी येतें त्या गृहिणींना हें वेगळें सांगावयास नको. उन्हाळ्यांत त्यांत खारटपणाची भर पडते, आणि त्यावर उकळण्याचा उपाय चालत नाहीं. उकळलेलें खारें पाणी थोडें अधिकच खारें होतें.

अशा वेळीं देशावरचा अनुभव उपयोगी पडत नाहीं. उलट तो घात करतो. विहीर बिघडली, खोल खणा, ही देशावरची रीत. बेटावर विहीर खोल नेणें म्हणजे खाऱ्या पाण्याला आपण होऊन भेटावयास जाणें. तेथें चांगली विहीर ती कीं जी पाण्यांत शक्य तितकी कमी शिरते आणि वरची साय तेवढी काढून घेते. विजेचा पंप हाहि असाच परका पाहुणा. पोहऱ्यानें किंवा डब्यानें पाणी काढलें तर एका वेळीं पांच-दहा लिटर निघतें, आणि दुसरा पोहरा बुडेपर्यंत विहीर सांवरते. पंप सुरू केला कीं कांहीं मिनिटांत पातळी हातभर खालीं ओढली जाते, आणि वर पाणी जितकें दबतें त्याच्या कितीतरी पटींनीं खालचें खारें पाणी शंकूसारखें वर चढतें. एकदां तें विहिरींत शिरलें कीं पंप बंद केल्यावर शंकू उतरतो खरा, पण मिसळलेलें मीठ मागें राहतें. पेल्यांतील चमच्याची आठवण येथें व्हावी.

यांतून वाट काढण्याची एक युक्ति म्हणजे विहिरीऐवजीं आडव्या नळ्या. पाण्याच्या पातळीच्या किंचित् खालीं लांब चर खणून त्यांत भोंकें पाडलेल्या नळ्या पुरतात. त्या मोठ्या क्षेत्रांतून थोडथोडें पाणी गोळा करतात, आणि कोठेंहि एका जागीं ओढ बसत नाहीं. पॅसिफिक महासागरांतील किरिबाती या देशांत, दक्षिण ताराव येथील लोकांना बोनरिकी येथील अशाच नळ्यांतून पाणी पुरवितात. मात्र त्यासाठीं बेटाचा मोठा भाग घरांवांचून मोकळा ठेवावा लागतो, आणि जेथें जमिनीचा तुकडा तुकडा मोलाचा तेथें हें सांगणें सोपें, करणें अवघड.

घरें दाट झालीं कीं आणखी एक संकट येतें, आणि तें चवीला कळत नाहीं. रेती पावसाचें पाणी जितक्या सहज आंत घेते तितक्याच सहज शौचकूपाचें पाणीहि घेते. अंगणाच्या एका कोपऱ्यांत विहीर आणि दुसऱ्या कोपऱ्यांत शोषखड्डा, मधें चार पावलें रेती, अशी स्थिति असल्यावर रोगजंतूंना फारसा प्रवास करावा लागत नाहीं. लक्षद्वीपांतील अनेक विहिरींत असें दूषित पाणी आढळलें आहे. यावर उकळणें हा उपाय मात्र खरोखर चालतो.

या दोन्ही संकटांचा शेवट कोठें होतो हें पाहावयाचें तर दक्षिणेस मालदीवची राजधानी माले हिच्याकडे पाहावें. मिनिकॉयच्या लोकांची भाषा आणि मालदीवची भाषा एकच. घरांची ठेवणहि पूर्वीं मिळतीजुळती. मालेंतील जुन्या घरांत मागील बाजूस उघड्या छपराचें न्हाणीघर असे, त्याला गिफिलि म्हणतात. त्यांत विहीर, आणि लांब काठीला डबा जोडून केलेलें दानि नांवाचें पात्र. दानि पाण्याच्या वरच्या थरांतच बुडतें. त्या साध्या काठीनें शतकानुशतकें भिंगाचें रक्षण केलें असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढें दोन चौरस किलोमीटरांच्या आंतबाहेर असलेल्या त्या बेटावर लोकसंख्या वाढत गेली. १९७८ सालीं तेथें कॉलऱ्याची सांथ आली. विहिरी दूषित झाल्या होत्या, आणि उपशानें भिंगहि खारावत गेलें. शेवटीं समुद्राचें पाणी गोडें करणाऱ्या यंत्रांवर सगळें शहर विसंबलें. ४ डिसेंबर २०१४ रोजीं त्या कारखान्याला आग लागली, आणि सुमारें एक लाख लोकांचे नळ एकाएकीं कोरडे पडले. भारतानें विमानांनीं आणि नौदलाच्या जहाजांनीं पाणी पाठविलें. खालीं जमिनींत पाणी होतेंच. पण तें पिण्यासारखें उरलेलें नव्हतें.

लक्षद्वीपांतहि यंत्रें आलीं आहेत. २००५ सालीं कवरत्तीला दिवसास एक लाख लिटर गोडें पाणी देणारा कारखाना चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनें उभारला. २०११ सालीं मिनिकॉय आणि अगत्ती येथें आणखी दोन झाले, आणि नंतर इतर बेटांकडेहि काम गेलें. त्यांची कल्पना मोठी सुंदर आहे. समुद्राच्या पृष्ठावरील सुमारें २८ अंश उष्णतेचें पाणी कमी दाबाच्या पोकळींत सोडलें कीं त्याचा कांहीं भाग वाफ होऊन जातो. सुमारें ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्यानें ती वाफ पुन्हां निववितात, आणि निघतें तें शुद्ध पाणी. जळण जाळून पाणी उकळावें लागत नाहीं. तरी पंपांना वीज लागते, आणि त्या विजेसाठीं डिझेल मुख्य भूमीवरून जहाजानें आणावें लागतें. पावसाळ्यांत समुद्र खवळला कीं जहाजांचें वेळापत्रक कोलमडतें, हें बेटावरच्या लहान मुलालाहि ठाऊक असतें.

त्या मानानें छपरावरचें पाणी हातचें. एक साधा हिशेब पाहावा. पन्नास चौरस मीटरांच्या छपरावर १,५०० मिलिमीटर पाऊस पडला तर ७५,००० लिटर पाणी होतें. सांडलवंड वजा जातां ६०,००० तरी धरावें. सहा माणसांच्या कुटुंबाला पिण्यास आणि स्वयंपाकास माणशीं पांच लिटर धरले तर दिवसाला ३० लिटर लागतात. कोरडे चार महिने म्हणजे १२० दिवस, ३,६०० लिटर. चार हजार लिटरांचें झांकलेलें टांकें जर डिसेंबरच्या सरींनीं भरून ठेविलें, तर तें कुटुंब मेपर्यंत विहिरीचें पाणी तोंडांत न घेतां राहूं शकेल. न्हाणें, धुणें, भांडीं यांना किंचित् मचूळ पाणी चालतें. भिंगावरचा सगळाच भार उतरत नाहीं, पण त्याच्यावर जीव अवलंबून राहत नाहीं. इतक्या स्वस्त उपायाकडे, पंप आणि नळ आल्यापासून, बेटांवरच काय पण कोंकणांतल्या पावसाळी गांवींहि दुर्लक्ष होत आलें, ही खेदाची गोष्ट आहे.

समुद्रच बेटावर चढला तर मात्र टांकें असलेल्यालाहि धीर धरावा लागतो. १८४७ च्या एप्रिलांत झालेल्या मोठ्या वादळांत कल्पेनी आणि आंद्रोत यांवरून लाटा गेल्या होत्या. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामींत मालदीवच्या अनेक बेटांवरील विहिरी खाऱ्या झाल्या. अशा वेळीं पहिला विचार येतो तो विहीर उपसून स्वच्छ करण्याचा. थोडा गाळ काढावा हें ठीक. पण जोरानें उपसत राहिलें तर खालचें खारें पाणीहि वर येतें आणि दुखणें दुहेरी होतें. वरून आलेलें मीठ पावसानेंच खालीं धुऊन न्यावें लागतें, आणि त्याला एक किंवा अधिक पावसाळे लागतात. समुद्राची पातळी हळूहळू वाढत असल्यानें हे प्रसंग पुढें अधिक वेळां येतील. येथें बेटाच्या उंचीइतकीच त्याची रुंदीहि महत्त्वाची आहे: किनारा धुपून बेट अरुंद झालें कीं भिंग झपाट्यानें पातळ होतें, आणि घरें पाण्याखालीं जाण्याच्या कितीतरी आधीं विहिरी निरुपयोगी होतात.

मेच्या अखेरीस ढग येतात. पहिल्या सरींनीं छपरावरची धूळ आणि पाचोळा धुऊन निघतो. तें पाणी टांक्यांत जाऊं न देतां बाहेर सोडतात. विहिरीची पातळी त्या दिवशींहि भरतीप्रमाणेंच चढते आणि उतरते, आणि पाऊस आल्याची कसलीच खूण तिच्यांत दिसत नाहीं. रेतींतून खालीं उतरलेलें पाणी मचूळ पाण्यावर पसरूं लागतें. त्याच्या वजनानें खारी सीमा कणाकणानें खालीं दबते. कांहीं आठवडे जातात. मग आषाढांतल्या एखाद्या सकाळीं घरची बाई नेहमींच्या संवयीनें ओंजळभर पाणी चाखून पाहते, आणि दुसरी ओंजळ पिते.